सडा कुठपर्यंत पडतो



आपल्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ड्रोनची मोजणी येणार होती, तेव्हाची गोष्ट. गटाची बैठक होती. बैठक नेहमी एकीच्या अंगणात व्हायची, कारण ते अंगण मोठं, कडुलिंबाची सावली दाट, आणि तिथं रोज इतकं स्वच्छ असायचं की सतरंजी टाकायचीही गरज नव्हती. त्या दिवशी मी पोहोचले तर सगळ्या जणी शेजारच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसलेल्या. जिचं अंगण होतं ती सगळ्यात मागं होती. म्हणाली, "ताई, माहं आंगण गेलं."

तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. दिरानं मोजणीच्या आधी अंगणाच्या मधून काटेरी तार ओढली. तिचा दरवाजा अलीकडे, तिनं लावलेला मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि तुळशीवृंदावन पलीकडे. सतरा वर्षं ती त्या अंगणात सडा टाकत होती. मी तिला म्हटलं, घराचा कागद आण. तिनं पेटीतून नमुना आठचा उतारा आणला. त्यावर सासऱ्याचं नाव. सासरे वारून कितीतरी वर्षं झालेली. सतरा वर्षं जिनं ते घर बाहेरून राखलं, तिचं नाव त्या कागदावर कुठंच नाही.

घरी आल्यावर मला झोप लागली नाही. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. अंगणाचा इतिहास कुणी शिकवला नव्हता. म्हणून आज तो सांगायचा प्रयत्न करते. तिच्या तारेचं पुढं काय झालं, ते शेवटी सांगेन.

जुन्या मराठी कारभारात गावाचे दोन भाग मानत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जिला आपण आज गावठाण म्हणतो. नावं मातीवरून पडली. आपल्याकडची शेतं काळ्या कपाशीच्या मातीची, आणि गाव जिथं शेकडो वर्षं वसलं तिथली माती फिकट, राखाडी, पांढरट. मातीची घरं पडतात, पुन्हा उभी राहतात, चुलीची राख, शेणाचा केर, भिंतींचा चिखल एकमेकांवर साचत जातो आणि त्याचीच पांढरी होते. म्हणजे आपण ज्या मातीवर राहतो ती आधीच्या माणसांच्या घरांचीच माती आहे. याच मातीनं पुन्हा नवीन भिंती पोतारायच्या, धाब्याच्या घराचं छत याच मातीनं बसवायचं.

आता काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगायचा! पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून अशी तडकते की भेगेत हात जातो. तिच्यावर किंवा तिच्या जवळ घर बांधलं की दरवर्षी भिंतीला चिरा पडणार, ओट्याची कड सुटणार. म्हणून आपल्याकडं घराची बाहेरची बाजू राखणं ही हौस कधीच नव्हती. एक पावसाळा भीत छाबली नाही की पाणी आत शिरायचं, दोन पावसाळे सोडले की भीत बसायची.

आणि हे काम बायांचं. भीत उभी करायला पुरुष असत, ओझं उचलायला, मयाल चढवायला असत. पण उभी झालेली भीत दरवर्षी जिवंत ठेवायची ती बाईनं. पाऊस सरला, शेतातलं निंदण उरकलं की दसऱ्याच्या आधी माती आणायची. ती भिजत घालायची, त्यात गव्हाचं किंवा तुरीचं कुटार टाकायचं म्हणजे वाळताना तडकत नाही, शेण कालवायचं, पायानं तुडवायची. मग चिरा भरायच्या, खड्डे बुजवायचे, हातानं छाबायचं. ते वाळलं की पांढऱ्या मातीचा पोतारा. खाली गेरूचा पट्टा. ओटा शेणानं सारवायचा, तोही असा की हाताचे अर्धगोल एका ओळीत उमटले पाहिजेत. माझी आजी म्हणायची, सारवण पाहून सून कळते. मला तेव्हा ते वाक्य फार आवडायचं. आता कमी आवडतं, कारण त्यात सून तेवढी दिसते, तिची कंबर दिसत नाही.

रोजचं काम वेगळंच. पहाटे खराट्यानं अंगण झाडायचं, शेणाच्या पाण्याचा सडा टाकायचा, शिरगोळ्याच्या पांढऱ्या भुकटीची रांगोळी घालायची. सड्यानं धूळ बसते. गावात दिवसभर बैलगाड्या आणि गुरं जायची, बारीक काळी धूळ उडायची; सडा नसता तर ती भाकरीत आली असती. रांगोळीचं काम आणखी निराळं. ती बातमीपत्रासारखी असायची. दारात रांगोळी आहे म्हणजे घर बरं आहे. सडाही नाही आणि रांगोळीही नाही म्हणजे घरात सुतक आहे, हे न विचारता कळायचं. दिवाळीला शेणाचा गोवर्धन अंगणात, तुळशीचं लग्न अंगणात, पोळ्याच्या बैलांना ओवाळणं अंगणात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसायची, तिची गाणीही अंगणात. सासुरवाशिणीला घराबाहेर जायची मुभा नसे, पण अंगणापर्यंत असे. घर आणि रस्ता यांच्यामधला तेवढाच पट्टा तिच्या वाट्याला होता.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर हा इतिहास खोटा होईल. सगळ्या बायांचं अंगण सारखं नव्हतं. मोठ्या वाड्यांची अंगणं मालकीण झाडत नसे. कोट्यातलं शेण काढायला, अंगण झाडायला, भिंती पोतारायला दुसरी बाई यायची, भाकरीवर किंवा पायलीभर जवारीवर. तिनं शेण कालवलेलं चालायचं, तिनं सारवलेला ओटा चालायचा, पण त्याच ओट्यावर ती बसलेली चालायची नाही. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ज्यांनी वाचलं असेल त्यांना आठवेल, सरपणाच्या मोळ्या विकायला गेलेल्या महार बायांना दारात कसं वागवलं जायचं, मोळीत आपला केस किंवा लुगड्याचा धागा राहू नये म्हणून त्यांना किती जपावं लागायचं. ते फलटणकडचं लिखाण आहे, पण आपल्या भागातल्या जुन्या बायांना विचारा, ओळखीचं वाटेल. अंगण ही स्वागताची जागा होती, तशी अडवण्याचीही.

ही रेषा ओलांडणारे लोकही आपल्याच वऱ्हाडात झाले. तेराव्या शतकात अमरावतीकडच्या रिद्धपूरला गोविंदप्रभू राहायचे, चक्रधरस्वामींचे गुरू. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लिहून ठेवल्या. त्यात राजवाडे नाहीत, घरं आहेत. हे प्रभू कुणाच्याही घरी जातात, कुणाच्याही दारी खातात, जातीची तमा नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडी घरादाराचं इतकं जवळचं वर्णन दुसरीकडं क्वचितच सापडतं. तरी पंथाबाहेरच्या गावांमध्ये रेषा तशीच राहिली.

मग इंग्रज आले. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड त्यांच्या ताब्यात गेलं आणि १८६०च्या दशकात शेतांची मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर पडला, कारण शेतातून सारा मिळतो. पुढं त्यातूनच आपला सातबारा आला. पण मोजली गेली ती काळी. पांढरी मोजायची गरज कुणाला वाटली नाही. तिथं पीक नाही, सारा नाही. म्हणून आजही शेताचा सातबारा असतो, गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. गावठाणातलं घर कुणाचं, अंगण कुठपर्यंत, हे वर्षानुवर्षं नुसत्या माहितीवर चाललं. सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लिहायची गरज नाही! ज्या जागेवर बाई राबत होती, नेमकी तीच जागा कागदाबाहेर राहिली. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण भोगलं बायांनीच.

आता खराट्याच्या इतिहासाकडं येऊ. आपल्या दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरला जायची. तुमच्यापैकी कित्येकींनी तिच्यातून प्रवास केला असेल. त्याच मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे इथं मामाच्या घरी देबूजी झिंगराजी जानोरकर लहानाचे मोठे झाले. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं आणि पुढं महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला. गावात आले की कुणाशी न बोलता हातात खराटा घ्यायचे, रस्ते झाडायचे, आणि रात्री कीर्तन. जेवण कुणी दिलं तर आधी काम विचारायचे. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीजवळ प्रवासातच ते गेले.

बाबांबद्दल माझ्या मनात काय आहे ते शब्दांत सांगता येणार नाही. माझ्या घरात त्यांचा फोटो आहे. पण एक प्रश्न मला नेहमी पडतो. पुरुषानं खराटा हातात घेतला तेव्हा लोक थांबून बघायला लागले. बाईच्या हातात तो त्याच्या आधी हजार वर्षं होता, तिच्याकडं कुणी थांबून पाहिलं नाही. बाबांचं मोठेपण यात कमी होत नाही. उलट मला वाटतं, त्यांनी नेमकं हेच दाखवलं, की ज्या कामाला तुम्ही हलकं समजता ते मी भर रस्त्यात करतो. फक्त आपण अर्धंच शिकलो. खराटा पवित्र झाला, तो धरणारी बाई जिथल्या तिथं राहिली.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, मोझरीला गुरुकुंज उभारणारे. त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर अध्याय आहे आणि महिलोन्नतीवरही आहे. दोन्ही एका ग्रंथात आले ही मोठी गोष्ट. आपल्याकडं घरोघरी ग्रामगीता असते. पण पहिल्या अध्यायावर गावात कार्यक्रम होतात, दुसऱ्यावर किती होतात ते तुम्हीच सांगा.

पुढं २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या गल्लीत सगळ्या भिंती एकाच रंगानं रंगवल्या होत्या, दारावर म्हणी लिहिल्या होत्या. तपासणीची समिती येणार म्हणून आम्ही मुलींनी पहाटे तीनला उठून वेशीपासून शाळेपर्यंत रांगोळ्या काढल्या. आई आणि काकू आदल्या रात्री कंदील घेऊन नाली उपसत होत्या. खरंच गाव इतकं देखणं मी पुन्हा पाहिलं नाही. समिती आली, रांगोळीच्या कडेकडेनं चालली, सत्कार झाला. सत्काराच्या फोटोत अकरा जण आहेत. एकही बाई नाही. तो फोटो मी पुष्कळ वर्षं अभिमानानं पाहिला. हे लक्षात यायला मला बचत गटात यावं लागलं.

आता कायदा. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण ऐका, कारण इथं अंगणाचाच प्रश्न आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल आणलं, बाईला संपत्तीत हक्क मिळावा म्हणून. ते अडवलं गेलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढं त्याच बिलाचे तुकडे होऊन कायदे झाले. त्यातला हिंदू वारसा कायदा १९५६चा. गाडगेबाबा गेले त्याच वर्षीचा. या कायद्यानं विधवेला आणि मुलीला मुलासारखं पहिल्या वर्गातलं वारस मानलं, आणि बाईला मिळालेली संपत्ती तिच्या पूर्ण मालकीची केली. त्याआधी १९३७च्या कायद्यानं विधवेला हक्क होता, पण तो जिवंत असेपर्यंत वापरायचा, विकायचा नाही.

पण १९५६च्या कायद्यात एक कलम २३ होतं. ते राहत्या घराबद्दल होतं. कुटुंब राहत असलेल्या घरात स्त्री वारसांचा हिस्सा आहे, पण पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोवर त्या वाटणी मागू शकत नाहीत. मुलगी असेल तर राहण्याचा हक्क, तोही ती अविवाहित, नवऱ्यानं टाकलेली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी किंवा विधवा असेल तरच. म्हणजे शेतात हिस्सा मागता येत होता, पण ज्या ओट्याला तिनं बालपणी शेण लावलं तिथं हिस्सा मागायचा नाही. हे कलम २००५ मध्ये रद्द झालं. जवळजवळ पन्नास वर्षं ते होतं. त्याच २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क दिला. महाराष्ट्रानं तशी तरतूद १९९४ मध्येच केली होती, पण त्या वेळी आधीच लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या.

कायद्याच्या बाहेरही हालचाल होत होती, आणि ती शेतकऱ्यांमधून आली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन घेतलं. लाखाच्या घरात बाया आल्या होत्या असं सांगतात. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची हाक आली, की नवऱ्यानं स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. ज्या गावात शंभर जणांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्त गाव. विदर्भातही अशी गावं झाली. संघटनेच्या राजकारणाबद्दल कुणाचं काही मत असो, पण नवऱ्यानं तलाठ्याकडं जाऊन स्वतःच्या हयातीत बायकोचं नाव लावणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आजही नाही.

याच जोशींनी आपल्या जिल्ह्यातल्या एका देवळाचा जीर्णोद्धार केला. राळेगाव तालुक्यात रावेरी म्हणून गाव आहे. तिथं सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं, शेजारी राम नाही. कथा अशी सांगतात की रामानं सोडल्यावर सीता इथं राहिली, इथंच लव-कुश झाले. पोरं भुकेली म्हणून ती गावात दारोदार मूठभर गहू मागत फिरली, कुणी दिला नाही, तेव्हा तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. मी गेले आहे तिथं. देवळात उभं राहून मला अंगणंच दिसत होती. प्रत्येक अंगणात एक बाई असणार, खराटा हातात, आणि मूठभर गहू द्यायचा की नाही हे ठरवायची सत्ता तिच्याकडं नसणार. कथेत त्या बायांबद्दल काही नाही. मीच आपली विचार करते.

घराच्या नावाबद्दलचा सगळ्यात उपयोगी निर्णय २००३चा. 'घर दोघांचे'. ग्रामीण भागात घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असं राज्य शासनानं ठरवलं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये मालकाच्या रकान्यात नवऱ्याबरोबर बायकोचं नाव. इतकी सोपी गोष्ट. पण तुमच्यापैकी कितीजणींच्या घराचा उतारा तसा आहे? माझ्या गटांमध्ये मी हात वर करायला सांगते. कधी चार हात येतात, कधी सहा. बाकीच्या म्हणतात, ताई, कागद यांच्याकडं असते. अगं, कागद यांच्याकडं असू दे, नक्कल ग्रामपंचायतीत मिळते आणि ती तुला मागता येते. मात्र हेही लक्षात ठेवा, नमुना आठ ही मुळात घरपट्टीची नोंद आहे. मालकीचा तो शेवटचा पुरावा नाही. तरी वाद झाला की सगळे आधी तोच मागतात, म्हणून त्यात नाव असलेलं बरं.

२०१६ पासून पंतप्रधान आवास योजनेतलं घरकुल शक्यतो बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं. हे चांगलं झालं. पण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं. ज्यांच्याकडं जागा थोडी, त्यांचं घर बांधून झाल्यावर अंगणच उरत नाही, पायरी थेट रस्त्यावर. नाव आलं आणि अंगण गेलं. एका मैत्रिणीनं त्यावर उपाय काढलाय. पायरीच्या दोन्ही बाजूंना तेलाचे कापलेले पिपे, एकात तुळस, एकात पुदिना, आणि पायरीवर ओंजळभर रांगोळी.

परसबागेबद्दल मी फार बोलत नाही, त्याचं वेगळं भाषण झालंय. एवढंच, की सांदवाडीतल्या वालाच्या वेलाचा, अळूचा, शेवग्याचा हिशोब आपल्या घरात कधी कुणी ठेवला नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत 'उमेद'नं परसबागांची मोहीम काढली, तेव्हा आम्ही पहिल्यांदा वहीत लिहायला लागलो, आज किती भाजी तोडली. एका काकूंनी महिन्याच्या शेवटी बेरीज केली आणि म्हणाल्या, "मंग आतापर्यंत हे फुकटच होतं का?"

काळ बदललाय हेही खरं. गुरं कमी झाली, सड्याला शेण विकत आणावं लागतं. अंगणात सिमेंट आलं, गट्टू आले. झाडायला सोपं, हे कबूल. ज्यांनी आयुष्यभर वाकून सारवलं त्यांना गट्टूबद्दल नावं ठेवायचा हक्क मला नाही. पण उन्हाळ्यात गट्टूचं अंगण संध्याकाळपर्यंत भाजतं आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरत नाही, शेजारच्या ओट्यात जातं, त्यावरून भांडणं होतात. अर्धं अंगण मातीचं ठेवा असं मी सुचवते. न्हाणीचं पाणी त्यात केळीला, अळूला सोडता येतं.

आता ड्रोनच्या मोजणीचं. २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. जी पांढरी इंग्रजांनी सोडून दिली होती, ती आता आकाशातून मोजायची. प्रत्येक घराचा नकाशा, मिळकत पत्रिका, सनद. ड्रोन उडायच्या आधी गावात चुन्यानं हद्दी आखतात, म्हणजे वरून फोटोत दिसाव्यात. ज्याची जागा, त्यानं हजर राहून रेघ दाखवायची. हरकत असेल तर नंतर चौकशी होते, पण पहिली रेघ महत्त्वाची ठरते. आणि त्या दिवशी बाई असते वावरात, निंदायला. ही तार तेव्हाच ओढली गेली होती.

आम्ही तिच्या वतीनं अर्ज लिहिला. सासऱ्याच्या मागं दोन मुलगे, त्यातल्या एकाची ती विधवा, पदरात दोन लेकरं, म्हणजे त्या मुलाच्या हिश्श्याची वारस ती आणि तिची लेकरं. हे कागदावर सरळ होतं. पण अर्धं अंगण कुठून कुठपर्यंत, हे कुठल्याच कागदात नव्हतं. दीर म्हणाला, ही जागा आधीपासून माझ्याकडंच आहे. सरपंच म्हणाले, पुरावा काय?

स्थळपाहणीच्या दिवशी गल्लीतल्या चार म्हाताऱ्या न बोलावता आल्या. त्यातली सगळ्यात मोठी, काठी टेकत, तारेपलीकडं गेली आणि वृंदावनाच्याही पुढं तीन पावलं चालून थांबली. म्हणाली, "इथलोक सडा पडे. हिची सासू टाके, मंग हे टाकाले लागली. माहा सडा तिकून येऊन इथं थांबे. दोघींचा सडा इथं भेटे. मले काय इचारता, मी रोज पायलं ना."

दुसरीनं सांगितलं, दिराच्या बायकोचा सडा कुठून सुरू व्हायचा. तिसरीनं तेच सांगितलं. शेवटी दिराच्या बायकोला विचारलं. ती बराच वेळ पदर तोंडाला लावून उभी होती. मग तिनं हळूच हातानं दाखवलं, तेवढंच. तिनंही तिथं खराटा मारला होता, तिला खोटं बोलता आलं नसावं. घरी गेल्यावर तिला काय ऐकावं लागलं ते मला माहीत नाही, आणि मी त्या दिवसापासून तिच्याबद्दल कुठं वाईट बोलत नाही.

सगळं पंचनाम्यात लिहिलं गेलं. तार निघायला आणखी दोन महिने गेले. नमुना आठवर नाव लागायला त्याहून जास्त. एकदा फाईल सापडेना, एकदा मृत्यूचा दाखला पुन्हा मागितला. कढीपत्ता तेवढ्यात वाळला. तुळस मात्र राहिली, कारण ती रोज तारेवरून हात घालून तांब्याभर पाणी टाकत होती.

चुना आखायच्या दिवशी ती वावरात गेली नाही. कोतवाल चुन्याची पिशवी घेऊन आला आणि हद्द दाखवा म्हणाला. तिनं पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि चिमटीतून चुना सोडत सोडत, वृंदावनाच्या पुढं तीन पावलांवरून, स्वतःच रेघ ओढली. रांगोळीचा हात होता, रेघ सरळ आली.